रोजकीर्द संगणकाची

कला शाखेच्या विद्यार्थ्याने संगणकाच्या फाइल सिस्टीमवर लेख लिहावा, हे काही वाचकांना चमत्कारिक वाटेल. परंतु महाड-पोलादपूरच्या पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो, आणि प्रवेशाच्या याद्या, ग्रंथालयाच्या नोंदी, एवढेच काय पण आजीकडून उतरवून घेतलेल्या जात्यावरच्या ओव्यादेखील आता संगणकातच असतात. त्या तेथे कोणत्या पद्धतीने लिहिल्या जातात, याचा विचार आपणही करावयास हवा, असे माझे मत आहे.

जुने व्यापारी आधी रोजकीर्द लिहीत, मग त्यावरून खतावणी करीत. खतावताना मध्येच दिवा गेला तरी हिशेब बुडत नसे. रोजकीर्द उघडून कोठवर खतावले ते पाहिले की काम पुढे चालू. ‘जर्नल’ म्हणजे नेमकी हीच रोजकीर्द होय. डिस्कवर फेरफार करण्यापूर्वी काय करावयाचे आहे ते एका राखीव जागेत लिहून ठेवायचे, आणि नंतर प्रत्यक्ष फेरफार करायचा. मध्येच वीज गेली, तर यंत्र पुन्हा सुरू होताना पूर्ण नोंदी अमलात येतात व अपुऱ्या सोडून दिल्या जातात. लिनक्सवरील जुन्या एक्स्ट-२ मध्ये ही सोय नव्हती. वीज गेली की सबंध डिस्क तपासावी लागे, आणि डिस्क मोठी असली तर त्यात पुष्कळ वेळ जाई. २००१ साली एक्स्ट-३ लिनक्सच्या मुख्य गाभ्यात आली आणि तिने ही रोजकीर्द आणली.

आज निवड करावयाची ती मुख्यतः दोहोंत. एक्स्ट-४ ही २००८ पासून वापरास सिद्ध झालेली. डेबियन व उबुंटू तीच आपणहून देतात. तिची दुरुस्तीची साधने मुरलेली आहेत, आणि तिचा विभाग गरजेप्रमाणे वाढविता तसाच कमीही करता येतो. दुसरी एक्सएफएस. सिलिकॉन ग्राफिक्स या कंपनीने ती १९९० नंतरच्या दशकात आपल्या मोठ्या यंत्रांसाठी तयार केली. प्रचंड फाइली आणि एकाच वेळी अनेकांचे लेखन यांत ती सरस ठरते. रेड हॅटने २०१४ मध्ये आपल्या सातव्या एंटरप्राइझ आवृत्तीत तिलाच मान दिला. परंतु तिचा विभाग वाढविणे सोपे असले, तरी कमी करणे जवळजवळ अशक्यच. म्हणून माझे म्हणणे असे, की घरच्या व कार्यालयाच्या संगणकावर एक्स्ट-४ असावी; चित्रफितींचा मोठा साठा सांभाळणारा सर्व्हर असेल, तर एक्सएफएसचा जरूर विचार व्हावा. दोन्ही फुकट आहेत, तेव्हा पैशाचा प्रश्न येथे नाही.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. एक्स्ट-४ च्या नेहमीच्या रीतीत रोजकीर्दीत फाइलचा मजकूर उतरत नाही. तिचे नाव, आकार, डिस्कवरील जागा एवढेच उतरते. मजकूरही त्यात लिहिण्याची सोय आहे, पण मग प्रत्येक गोष्ट दोनदा लिहावी लागते आणि काम मंदावते. म्हणजे डिस्कवरील व्यवस्था शाबूत राहील, तथापि तुम्ही न जतन केलेला शेवटचा परिच्छेद जाईलच. पेन ड्राइव्हवर तर बहुधा फॅट जातीची पद्धत असते. तिला रोजकीर्दच नाही. ती खस्सकन ओढून काढणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

आणि शेवटी पाण्याचा प्रश्न. २२ जुलै २०२१ रोजी सावित्रीचे पाणी महाडात शिरले. त्याच दिवशी पोलादपूर तालुक्यात केवनाळे व सुतारवाडी येथे दरडी कोसळल्या. अशा वेळी जगातील कोणतीही फाइल सिस्टीम उपयोगी पडत नाही. रोजकीर्द आणि खतावणी एकाच पेटीत असतील, तर पेटीबरोबर दोन्ही जातात. विजेच्या लपंडावावर जर्नल हा उपाय खरा. पुरावर उपाय एकच, तो म्हणजे दुसरी प्रत, आणि तीही दुसऱ्या गावी.

महाविद्यालयात नवा संगणक येईल तेव्हा त्याचा रंग व वेग विचारण्याआधी आपण तीन प्रश्न विचारावेत: फाइल सिस्टीम कोणती, दुसरी प्रत कोठे, आणि ती प्रत उघडून शेवटी कोणी व केव्हा पाहिली? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मिळत नसेल, तर पहिल्या दोहोंची उत्तरे कितीही चांगली असली तरी ती अपुरीच समजावीत.