गुरूच्या चंद्रावरचा उजेड



मागच्या रविवारी वंदनेनंतर वस्तीतल्या एका ताईंनी हळूच विचारले, "भाऊ, मुलीला गुरुबळ नाही म्हणतात. लग्न पुढे ढकलू का?" बौद्धाच्या घरात अजून गुरुबळ! म्हटले, ताई, त्या गुरूचे बळ खर्च कुठे होते ते तरी ऐका.

गुरूचे चुंबकत्व प्रचंड. त्यात अडकलेले इलेक्ट्रॉन युरोपा नावाच्या त्याच्या चंद्रावर रात्रंदिवस आदळतात. हा आपल्या चंद्राहून थोडा लहान. वर सगळा बर्फ, खाली बहुधा खारा समुद्र. २०२० साली अमेरिकेत मूर्ती गुडिपाटी व सहकाऱ्यांनी तसाच खारा बर्फ करून त्यावर इलेक्ट्रॉनचा मारा केला. तपासायचे होते वेगळेच, पण बर्फ अंधारात चमकू लागला! जुन्या टीव्हीची काच उजळायची तीच ही तऱ्हा. इलेक्ट्रॉन आपली शक्ती पदार्थाला देतो, पदार्थ ती प्रकाश करून बाहेर टाकतो. गंमत अशी की, बर्फात खायचे मीठ असले की उजेड मंदावतो. जुलाबाला देतात ते एप्सम मीठ असले की वाढतो. म्हणजे उजेड मोजून क्षार ओळखता येतील, आणि खालच्या पाण्यात जीव जगेल का याचा अंदाज बांधता येईल.

प्रत्यक्ष युरोपावर हा उजेड अजून कोणी पाहिलेला नाही. १४ ऑक्टोबर २०२४ रोजी निघालेले 'युरोपा क्लिपर' यान एप्रिल २०३० मध्ये गुरूपाशी पोहोचायचे आहे.

ताईंना म्हटले, तोवर लग्न थांबवू नका. तारीख मात्र रविवारची धरा, सगळ्यांना सुट्टी असते.