बक्षीस उंचीला नको, वहीला द्या

दिवाळी सरून भाताची कापणी-झोडणी आटोपली आणि खाचरे उघडी पडली, म्हणजे शहापूर व मुरबाड या दोन तालुक्यांना पुढचे काही महिने जी विस्तीर्ण, कोरडी व निर्वेध जमीन लाभते, तिच्याएवढी संपत्ती मुंबई-ठाण्याच्या कोणत्याही नामांकित शाळेच्या ताब्यात नाही. आणि तरीही पाण्यावर उडणारी घरगुती रॉकेटे बनवण्याचा जो सुंदर छंद अलीकडे शहरी शिबिरांतून, बऱ्यापैकी शुल्क आकारून व तयार साहित्याचे खोके हाती देऊन शिकवला जातो, तो या संपत्तीच्या धन्यांपर्यंत अद्याप रीतसर पोहोचलेला नाही. माहुलीच्या सुळक्यांपासून नाणेघाटाच्या नानाच्या अंगठ्यापर्यंत पसरलेल्या या मुलखातल्या मुलांच्या हाती तो यावा, आणि त्यातही एका विशिष्ट रीतीने यावा, असे माझे आग्रहाचे मत आहे.

या रॉकेटाची रचना सोपी आहे. दोन लिटरच्या शीतपेयाच्या बाटलीत तिच्या तिसऱ्या हिश्शाइतके पाणी भरावे, तोंडाला सायकलच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बसवलेले रबरी बूच घट्ट लावावे, बाटली उलटी करून कारवीच्या काठ्यांच्या तिवईवर ठेवावी आणि सायकलच्या पंपाने हवा भरत जावे. आतली हवा दाबली जाते, पाण्याला रेटू लागते, आणि बुचाची पकड सुटली की पाणी खाली व बाटली वर अशी दोन्ही एकाच क्षणी निघतात. न्यूटनने 1687 साली ग्रंथबद्ध केलेला गतीचा तिसरा नियम येथे अंगावर पाणी उडवून आपली प्रचीती देतो. बूच नुसते दाबून बसवलेले असेल तर ते केव्हा सुटायचे हे घर्षण ठरवते, ओले बूच लवकर व कोरडे उशिरा सुटते, आणि मुलांना हा फरक दुसऱ्या-तिसऱ्या उड्डाणातच कळतो. म्हणून ज्यांना दाब आपल्या मर्जीने ठरवायचा असतो ते प्लास्टिकच्या नळाची आणि दोरी ओढून सोडायच्या पकडीची योजना करतात. पंक्चरवाल्याच्या भाषेत साठ पौंड हवा भरली असेल, तर सुरुवातीला पाणी सेकंदाला सुमारे 28 मीटर, म्हणजे तासाला सुमारे शंभर किलोमीटर, वेगाने बाहेर पडते. जेमतेम पाऊण किलो वजनाच्या त्या बाटलीला त्या क्षणी सुमारे तीस किलोंचा रेटा मिळतो. आणि सेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास सारे पाणी संपून पुढचा प्रवास ती केवळ मिळालेल्या वेगावर करते.

साहित्यासाठी कोणत्याही दुकानाचे तोंड पाहावे लागत नाही. मुंबई-नाशिक महामार्गावरचे ढाबे, लग्नकार्ये आणि गावचे उरूस यांतून अशा बाटल्या हव्या तेवढ्या मिळतात. फक्त बाटली फसफसणाऱ्या पेयाचीच हवी, कारण ती मुळातच दाब सोसण्यासाठी घडवलेली असते. साध्या पाण्याची पातळ बाटली या कामी कधीही घेऊ नये. पावसाळ्यात माळशेजला येणारे हौशी लोक ज्या बाटल्या घाटाच्या गटारांत टाकून जातात, त्या पायाखाली चेपलेल्या व उन्हाने खंगलेल्या असल्यामुळे दाबाला निरुपयोगी होत, पण त्या कापून शेपटीचे पंख आणि टोकाची टोपी करायला उत्तम. निवडलेली बाटलीही उडवण्याआधी काठोकाठ पाण्याने भरून तिच्यावर दाब देऊन पाहावा. पाणी जवळजवळ दबत नाही, त्यामुळे अशी बाटली फुटली तरी नुसती गळते, हवेने भरलेली मात्र फुटताना इजा करते. मोठमोठ्या जलवाहिन्यांची चाचणीही याच कारणास्तव पाण्याच्या दाबाने घेतली जाते, आणि जलवाहिन्यांच्या सहवासात वाढलेल्या शहापूरच्या मुलांना हे सांगताना दूरचे उदाहरण शोधावे लागणार नाही.

पंख नसलेली बाटली हवेत कोलांट्या खाते. तिला सरळ ठेवण्याची युक्ती अशी, की वजनाचा मध्य टोकाकडे आणि वाऱ्याच्या दाबाचा मध्य शेपटीकडे असावा. आणि ते साधले की नाही हे पाहायला रॉकेटाला वजनाच्या मध्यावर दोरी बांधून डोक्याभोवती गरगर फिरवावे: टोक पुढे ठेवून फिरले तर ते सरळ उडेल, आडवेतिडवे झाले तर टोपीत आणखी थोडी माती भरावी लागेल. माती भरल्याने वजन वाढते, तरी काही मर्यादेपर्यंत रॉकेट अधिक उंच जाते, कारण फार हलकी वस्तू हवेच्या विरोधापुढे लवकर हार मानते. ज्याच्या हातून लहानपणापासून गलोल सुटत आली आहे अशा ठाकर किंवा कातकरी मुलाला ही गोष्ट पटवून द्यावी लागत नाही. चिंचोका किती लांब जातो आणि तेवढाच दगड किती लांब जातो हे त्याच्या मनगटाला आधीच ठाऊक असते. पुस्तकातल्या विज्ञानाने या ज्ञानाची दखल कधी घेतली नाही, याची मला खंत वाटते.

या साऱ्या खटाटोपात मला सर्वांत मोलाचा वाटणारा क्षण उड्डाणाचा नाही. रॉकेट खाचरात येऊन पडल्यावर ज्या मुलाने ते प्रथम उचलले त्याने बाटली उजेडाकडे धरली, की आत पांढरे धुके भरलेले दिसते. हे कोठून आले, असा प्रश्न मूल आपण होऊन विचारते, आणि त्याचे उत्तर त्याच्या गावाच्या पूर्वेला भिंतीसारखे उभे असते. दाबलेली हवा एकाएकी पसरली की थंड होते, आणि थंड झालेल्या हवेला पूर्वीइतकी वाफ धरून ठेवता येत नाही, म्हणून वाफेचे सूक्ष्म थेंब होतात. आषाढ-श्रावणात समुद्रावरून आलेले नैऋत्येचे वारे सह्याद्रीला अडून वर चढतात, वर दाब कमी असल्यामुळे ते पसरतात, पसरल्यामुळे थंडावतात (कोरडी हवा दर किलोमीटर चढणीस सुमारे 10 अंशांनी थंड होते) आणि मग माळशेज घाटात दहा पावलांवरचे दिसू नये इतके दाट धुके उतरते. घाटमाथ्यावरचा पाऊस आणि हातातल्या बाटलीतले धुके एकाच कारणाने जन्मतात, हे ज्या बारा वर्षांच्या मुलीला स्वतःच्या डोळ्यांनी उमगले, तिला भूगोलाच्या पुस्तकातला प्रतिरोध पर्जन्य पुन्हा पाठ करावा लागणार नाही.

परंतु एवढ्यावर थांबणे म्हणजे नुसता तमाशा दाखवून मुलांना घरी पाठवणे होय. जे उडाले ते किती उंच गेले, पाणी किती होते, दाब किती होता, वारा कोणीकडून वाहत होता, हे लिहून ठेवले नाही तर पाण्याच्या रॉकेटात व दिवाळीच्या बाणात फरक राहत नाही. उंची मोजायला यंत्र लागत नाही: दप्तरातल्या कोनमापकाला दोरा बांधून खाली खडा लोंबकळत ठेवावा, उड्डाणाच्या जागेपासून 30 मीटर अंतरावर उभे राहून त्याच्या सरळ कडेवरून रॉकेटाचा सर्वोच्च बिंदू न्याहाळावा आणि कोन वाचावा. कोन 45 अंश असेल तर उंची 30 मीटर, 60 अंश असेल तर सुमारे 52 मीटर, वर निरीक्षकाच्या डोळ्यांची उंची मिळवायची. वाऱ्याने रॉकेट एका बाजूला ढळते, म्हणून समोरासमोर दोन मुले उभी करून दोन्ही नोंदी घ्याव्यात. नववी-दहावीची त्रिकोणमिती, जी अनेकांना परीक्षेपुरतीच सोसावी लागते, ती येथे एकाएकी गरजेची होते. आणि पाव लिटर पाण्याने तीन उड्डाणे, अर्ध्या लिटरने तीन, पाऊण लिटरने तीन, एका लिटरने तीन अशी सरासरी काढून आलेख मांडला, की फार थोडे व फार जास्त अशी दोन्ही टोके खाली पडून मधे कोठेतरी शिखर उमटते. एक-तृतीयांशाचा जो नियम वर मी सांगून टाकला तो मुलांना कोणी न सांगता सापडला पाहिजे.

म्हणूनच या छंदाला स्पर्धेचे स्वरूप देताना फार विचार करावा. केप टाउन विद्यापीठाच्या चमूने 2015 साली पाण्याचे रॉकेट 830 मीटर उंच नेल्याची नोंद आहे, आणि ती अभिमानाने सांगण्यासारखी आहे. पण तो पराक्रम प्रयोगशाळा व अभियंते हाताशी असणाऱ्यांचा होता. शाळेत उंचीला बक्षीस लावले की मुले एकच मार्ग धरतील, तो म्हणजे पंपाचे आणखी चार दट्टे, आणि सुरक्षिततेसाठी घालावी लागणारी साठ पौंडांची मर्यादा पाहता पाहता नव्वदावर जाऊन कोणाचा तरी डोळा जाईल. आशिया-पॅसिफिक देशांच्या अवकाश-मंचाने 2005 पासून शालेय विद्यार्थ्यांसाठी भरवलेल्या रॉकेट-मेळाव्यात नेमलेल्या निशाणाजवळ रॉकेट उतरवण्याला महत्त्व दिले गेले, हे मला सूज्ञपणाचे वाटते. मी त्याहून पुढे जाऊन म्हणेन, की बक्षीस वहीला द्यावे. ज्या गटाच्या वहीत फसलेली उड्डाणेही प्रामाणिकपणे नोंदलेली असतील आणि ती का फसली याचा तर्क पुढच्या उड्डाणात तपासलेला असेल, तो गट पहिला.

अशा शिक्षणाची परंपरा या भूमीला परकी नाही. तेव्हा ठाणे जिल्ह्यातच असलेल्या बोर्डीला 1945 साली ताराबाई मोडकांनी ग्रामीण बालशिक्षणाचे जे कार्य आरंभले आणि अनुताई वाघांनी पुढे कोसबाडच्या टेकडीवर ज्याचा वटवृक्ष केला, त्यात गुरे राखणाऱ्या मुलांसाठी शाळाच कुरणात नेली गेली व शंख-शिंपले, बिया, पाने यांना शिक्षणसाधनांचा दर्जा मिळाला. डॉ. श्रीनाथ कलबागांनी 1983 साली पाबळला विज्ञान आश्रम काढला तोही हाताने काम करता करता शिकावे या श्रद्धेवर. कुरणात नेलेल्या शाळेकडून खाचरात नेलेल्या प्रयोगशाळेपर्यंतचे अंतर फारसे नाही.

एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि त्याला बगल देणे मला प्रशस्त वाटत नाही. 1892 साली बांधून झालेले तानसा आणि त्यानंतरचे भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात, त्यांचे पाणी मुंबईच्या नळांना, आणि याच तालुक्यातल्या डोंगरपट्टीच्या पाड्यांवर वैशाखात टँकरची वाट पाहणाऱ्या हंड्यांच्या रांगा: अशा ठिकाणी पाणी उडवण्याचा खेळ शिकवावा काय? ज्या घरातली बाई विहिरीच्या तळाशी उतरून वाटीवाटीने पाणी भरते, त्या घरातल्या मुलाच्या हाती एप्रिल-मे महिन्यांत अर्धा लिटर पाणी आकाशात फेकायला देणे मलाही रुचणार नाही. पण ओढ्यांना धार असते त्या मार्गशीर्ष-पौषात हा छंद पुरेपूर होऊ शकतो, आणि रॉकेटाला पाणी पिण्यायोग्य लागत नाही. भांड्यांचे, धुण्याचे गाळून घेतलेले पाणी तेवढेच काम करते. शिवाय दाब व प्रवाह यांचे गणित ज्यांना हाताने कळले आहे अशी पिढी, आपल्या तालुक्यातून जाणाऱ्या त्या प्रचंड जलवाहिन्यांकडे आणि आपल्या पाड्याच्या कोरड्या नळाकडे अधिक जाणत्या नजरेने पाहील, आणि तसे पाहण्याची या तालुक्याला नितांत गरज आहे.

तेव्हा माझी तजवीज अगदी मर्यादित आहे. दोन्ही पंचायत समित्यांच्या शिक्षण विभागांनी आणि आश्रमशाळांपुरते शहापूरच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पाच्या कार्यालयाने, तालुका विज्ञान प्रदर्शनात टेबलावर मांडल्या जाणाऱ्या थर्माकोलच्या प्रतिकृतींखेरीज एक दिवस उघड्या खाचरासाठी राखून ठेवावा. खर्चाची बाब म्हटली तर दर शाळेस दाबमापक असलेला एक पंप, एक मोजपात्र, एक लांब फीत व डोळ्यांना लावायचे चष्मे एवढीच. बाटल्या मुले आणतील. साठ पौंडांवर हवा नाही, दाब दिल्यावर बाटलीजवळ कोणी नाही, दोरी दुरून ओढायची, एवढे तीन नियम फळ्यावर लिहिलेले असावेत आणि गुरुजींनी किंवा बाईंनी ते स्वतः पाळून दाखवावेत. उड्डाण फसले म्हणून कोणत्याही शिक्षकाला वरिष्ठांकडे खुलासा द्यावा लागणार नाही, असा शिरस्ता मात्र या दिवसाबाबत शाळांना धाडायच्या पत्रातच लेखी घालून दिला पाहिजे. आणि ते पत्र खाचरे रिकामी होण्याच्या आत, दिवाळीच्या सुट्टीपूर्वी, शाळांच्या दफ्तरी रुजू झाले पाहिजे.