आधी समुपदेशकाची तयारी

समुपदेशन केंद्र दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथे कसा पोहोचणार? आणि पोहोचलाच, तर प्रश्न त्याच्याऐवजी सोबत आलेल्या भावाला विचारले जातात. खुर्चीवरच्या माणसाला लग्नाची, नोकरीची, एकटेपणाची चिंता असते, पण समुपदेशक पायांबद्दलच बोलत राहतो. याचे मूळ प्रशिक्षणात आहे. मानसशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गात अपंगत्व बहुधा एखाद्या प्रकरणापुरते येते.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 चे कलम 47 डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि इतर व्यावसायिकांच्या अभ्यासक्रमात अपंगत्वाचा समावेश करायला सांगते. समुपदेशकांच्या बाबतीत विद्यापीठांनी ते मनावर घ्यावे. मूत्राशयाचे व्यवस्थापन, दीर्घ वेदना, लैंगिकता, मदतनिसावरचे अवलंबित्व यांवर न संकोचता बोलता यायला हवे. ते शिकवायला अपंग व्यक्तींनाच मानधन देऊन बोलवा.

अपंग व्यक्तीच का, ते पाहा. कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक कोवळ्या वयात चाकाच्या खुर्चीवर आल्या. त्यांना उभारी दिली ती स्वतः खुर्चीवर असलेल्या बाबूकाका दिवाण यांच्या भेटीने. त्या भेटीत जे घडले, ते पदवीच्या अभ्यासक्रमात सहसा नसते. म्हणून पुढच्या शैक्षणिक वर्षापासून समुपदेशनाच्या विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाचे निदान काही तास अपंग पुनर्वसन संस्थेत सक्तीचे करावेत.