अस्सल बरहुकूम

कर्जतहून चौककडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका फार्महाऊसवर १९४९ सालची दोन दारांची कॅडिलॅक विक्रीस ठेवली आहे, हे आम्हांला आमच्या एका विद्यार्थ्याकडून कळले. त्याचे वडील खालापूर तालुक्यात, खोपोलीला गॅरेज चालवतात. बोरघाट चढण्यापूर्वीचा हा मुक्काम असल्याने तेथे मोटारदुरुस्तीला कधी तोटा नसतो. या गाडीचे पत्र्याचे काम त्यांनीच केलेले. मराठी विभागातील आम्ही दोघे त्यांच्यासोबत गाडी पाहून आलो. घेण्याची ऐपत नव्हती, कुतूहल होते.

गाडी देखणी आहे, यात वाद नाही. अशा दोनदारी गाडीला कूपे म्हणतात. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'कापलेली'. बैठक कापून आखूड केलेल्या घोडागाडीचे हे नाव पुढे मोटारीकडे आले. मागे दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे उंचवटे आहेत. कॅडिलॅकने ते १९४८ साली दुसऱ्या महायुद्धातील एका लढाऊ विमानाच्या शेपटीवरून घेतले. डावीकडचा मागचा दिवा उचलला की त्याखाली पेट्रोल भरण्याचे तोंड दिसते. रंग असा की त्यात आपला चेहरा पाहावा. जाहिरातीत दोनच शब्द ठळक होते : 'संपूर्ण मूळ'.

परतताना विद्यार्थ्याचे वडील म्हणाले, "सर, ही गाडी आमच्याकडे आली तेव्हा तिच्यात डिझेलचं इंजिन होतं. पेट्रोल परवडेना म्हणून कधीतरी कुणीतरी बसवलेलं. तीस वर्षं तरी त्यावरच चालली असेल. आम्ही ते काढलं आणि दुसऱ्या गाडीचं पेट्रोल इंजिन मिळवून घातलं. खालचा पत्रा सगळा सडला होता, तो हातानं ठोकून नवा केला." डिझेल इंजिनाचे काय झाले, असे आम्ही विचारले. "भंगारात गेलं," ते म्हणाले.

म्हणजे 'संपूर्ण मूळ' या दोन शब्दांखाली दोन गोष्टी गाडल्या गेल्या. एक, या मातीत गाडीने काढलेले दिवस. दुसरी, ते दिवस पुसणारे कसबी हात.

२०२१ साली केंद्रीय मोटार वाहन नियमांत दुरुस्ती झाली. पहिल्या नोंदणीपासून ५० वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या आणि चॅसिस, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार न झालेल्या दुचाकी-चारचाकींना 'व्हिंटेज' म्हणून 'व्हीए' अक्षरांची नंबरप्लेट मिळू लागली. हेतू चांगलाच आहे. परंतु मूळपणाला असे मोल आले की बदल सांगणारा तोट्यात जातो आणि लपवणारा फायद्यात राहतो.

साहित्याच्या विद्यार्थ्याला हा पेच नवा नाही. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ साली हाती घेतलेली महाभारताची चिकित्सक आवृत्ती १९६६ साली पुरी झाली. विष्णु सीताराम सुकथनकर आणि त्यांच्यानंतरच्या संपादकांनी अनेक श्लोक मूळ संहितेतून बाजूला केले. पण एकही भंगारात दिला नाही. ते तळटीपांत आणि परिशिष्टांत जपले, कारण मागाहून शिरलेला श्लोकही कुणीतरी, कुठेतरी, कशासाठी तरी म्हटलेला असतो. त्याहून कितीतरी आधी एकनाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली आणि आपण हे काम शके १५०६ मध्ये केल्याची नोंद ग्रंथाच्या अखेरीस ठेवली. जीर्णोद्धार करणाऱ्याने आपला हात दाखवावा, ही आपली जुनी रीत आहे.

परंतु गाडीच्या मालकाला दोष देताना आमची जीभ अडखळते. काही वर्षांपूर्वी एका पाठ्यसंकलनासाठी आम्ही एकोणिसाव्या शतकातील गद्य उतारे निवडले. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२च्या नियमांना धरून त्यांतील अनुच्चारित अनुस्वार काढले, ऱ्हस्वदीर्घ बदलले, विरामचिन्हे सावरली. प्रस्तावनेत मात्र 'मूळ उतारे' एवढेच छापले. पुढे वर्गात एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, म्हणजे तेव्हाचे लोक आपल्यासारखंच लिहायचे?" शंभराहून अधिक वर्षांचा भाषेचा प्रवास आम्ही चकचकीत रंगाखाली झाकला होता, आणि तिला तो दिसावा कसा?

बदल करूच नये, असे आमचे म्हणणे नाही. सडलेला पत्रा बदलावाच लागतो. जुने लेखनही नव्या वाचकासाठी सुलभ करावे लागते. आमचा आग्रह एवढाच, की काय काढले, काय घातले, कोणी आणि केव्हा, याचा कागद वस्तूसोबत राहावा. जुन्या दफ्तरांतील नक्कल करणारा कारकून 'अस्सल बरहुकूम' लिहीत असे, तेव्हा हाती आहे ती नक्कल, हे तो लपवीत नसे.

संकलनाच्या पुढील आवृत्तीस बदलांची यादी जोडण्याचे आम्ही ठरवले आहे. गाडीच्या मालकांनाही तेच सुचवले. त्यात डिझेल इंजिनाचा उल्लेख असावा आणि खोपोलीच्या कारागिराचे नाव असावे, असे सांगितले. त्याने किंमत उतरेल, असे ते म्हणाले. उतरेलही. परंतु मग घेणाऱ्याला आपण काय घेत आहोत, हे निदान ठाऊक असेल.