कुलूपबंद कपाट आणि नववीचा वर्ग

मिलिंद बोकील यांची 'शाळा' ही कादंबरी २००४ साली प्रसिद्ध झाली. आणीबाणीच्या काळातला नववीचा वर्ग, मुकुंद जोशी नावाचा मुलगा, शिरोडकर नावाची मुलगी, आणि त्या वयाची सारी उलघाल तीत आहे. मुलांच्या तोंडची भाषा मुलांचीच आहे. मराठीच्या अध्यापकांमध्ये या कादंबरीचा विषय निघाला की एक वाक्य हटकून ऐकू येते : 'कादंबरी उत्तम आहे, पण मुलांच्या हाती द्यायची नाही.' नववीच्या मुलांवर लिहिलेले पुस्तक नववीची मुले सोडून सर्वांनी वाचावे, असा याचा अर्थ होतो. शाळांनी 'प्रौढ' आशयाच्या कादंबऱ्यांवर बंदी घालावी काय, या प्रश्नाचा विचार आम्हांला या विसंगतीपासून सुरू करावासा वाटतो.

आमचे मत प्रथमच सांगून टाकतो. शाळेने निवड करावी, बंदी घालू नये. या दोहोंत फरक आहे, आणि तो केवळ शब्दांचा नाही. निवड करणारा पुस्तक वाचतो, समोरचा वर्ग पाहतो आणि 'हे आज नको, दोन वर्षांनी' असे म्हणतो. बंदी घालणाऱ्याला पुस्तक वाचावे लागत नाही. त्याला एखादा शब्द किंवा खुणा केलेले एखादे पान पुरते.

खुणा केलेल्या पानांचा हा मार्ग मराठीला नवा नाही. 'रंभा' मासिकाच्या १९६२ सालच्या दिवाळी अंकात चंद्रकांत काकोडकर यांची 'श्यामा' ही कथा आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. उच्च न्यायालयाने लेखकाला दोषी ठरवले. १९६९ साली सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला. या निकालातली दोन निरीक्षणे शिक्षकांनी ध्यानात ठेवावीत अशी आहेत. पहिले असे की, कथा उच्च वाङ्मयीन दर्जाची नसेल, तिच्यात लेखकाची अपरिपक्वताही दिसत असेल. परंतु तेवढ्याने ती वाचकाला बिघडवणारी ठरत नाही. दुसरे निरीक्षण थेट किशोरवयीनांविषयी आहे. स्त्रीपुरुष संबंधांचा नुसता उल्लेखही त्यांच्यासाठी त्याज्य मानला, तर त्यांना कोणतीच कादंबरी वाचता येणार नाही. उरतील ती केवळ धार्मिक पुस्तके. अश्लीलतेच्या कायद्याची जुनी इंग्रजी कसोटी १८६८ सालची. पुस्तक ज्यांच्या हाती पडेल त्यांतल्या सर्वांत कोवळ्या मनाला मोजमाप मानणारी ही कसोटी आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली बाजूला ठेवली. शाळांच्या कपाटांत मात्र ती अजून मुक्कामाला आहे.

आता 'प्रौढ' या शब्दाकडे वळू. त्याचा अर्थ आपण बहुधा लैंगिक असाच घेतो. पण दारिद्र्य, जात, दारू, मारहाण, भूक हे विषय कोणत्या वयाचे? दया पवारांचे 'बलुतं' (१९७८), लक्ष्मण माने यांचे 'उपरा' (१९८०), लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' (१९८७) ही आत्मकथने आहेत, कादंबऱ्या नव्हेत. पण वर्ज्य पुस्तकांची यादी करणारा असा भेद पाळत नाही. या पुस्तकांचा मोठा भाग बालपणाने व्यापलेला आहे. दगडू पवार नावाच्या मुलाने मुंबईच्या कावाखान्यात जे पाहिले, ते त्याने वयात येण्यापूर्वीच पाहिले. 'उचल्या'तल्या मुलाने पोलिसांचा मार पाहिला तेव्हा त्याचे वय कुणी विचारले नव्हते. एका मुलाने जे भोगले ते दुसऱ्या मुलाने वाचूही नये, असे म्हणताना आपण नेमक्या कोणत्या मुलाचे रक्षण करत असतो? आणि वर्गात मागच्या बाकावर दगडूसारखा कुणी बसलेला असेल, तर 'तुझे आयुष्य या शाळेत वाचण्याजोगे नाही' हा निरोप त्याला न बोलता पोचतो. आमचा बंदीला जो विरोध आहे, त्याचे मुख्य कारण हे.

विरुद्ध बाजू हलकी आहे असे आम्ही म्हणत नाही. पाठ्यपुस्तकातला उतारा मुलाला टाळता येत नाही. तो वर्गात, चाळीस जणांसमोर मोठ्याने वाचला जातो. अत्याचार सोसलेल्या मुलीला तसा प्रसंग अचानक समोर येणे यातनादायक होऊ शकते. पालकांचाही आपल्या मुलाविषयी अधिकार आहे. म्हणून सक्तीचे वाचन आणि ग्रंथालयातले ऐच्छिक वाचन यांना एकच नियम लावता येणार नाही. पहिल्या ठिकाणी वयाचा विचार काटेकोर हवा, आणि शिक्षकाने आधी दोन शब्द बोलायला हवेत. दुसऱ्या ठिकाणी कपाट उघडे हवे. एखाद्या पालकाने आपल्या मुलाला पुस्तक देऊ नये म्हटले, तर ते मान्य करावे. पण त्याने सर्वांच्या मुलांसाठी निर्णय घेऊ नये.

शाळेतली अशी कपाटे आम्ही पाहिली आहेत. काचेआड पुस्तके नीट रचलेली, कुलूप लावलेले, आणि किल्ली मुख्याध्यापकांच्या टेबलाच्या खणात. तेथील मुले वाचत नव्हती असे नाही. ती दुसरेच काही वाचत होती, आणि आज खिशातल्या फोनवर दुसरेच काही पाहतात. तेथे ना लेखकाची करुणा आहे, ना प्रसंगाचा परिणाम, ना शेवटी उरणारी खंत. २००७ साली महाराष्ट्राने शाळांतल्या लैंगिक शिक्षणाला मनाई केली, तेव्हाही मुलांचे कुतूहल थांबले नाही. विचारायची एक जागा मात्र कमी झाली. चांगली कादंबरी कृतीबरोबर तिचे ओझेही दाखवते. ते ओझे समजण्याचे वय चौदा-पंधराचेच आहे.

आमची शंका अशी आहे की, बंदीमागे मुलांची काळजी असते त्याहून अधिक मोठ्यांचा संकोच असतो. मुलाने प्रश्न विचारला तर काय सांगायचे, याची ती भीती आहे. ही भीती खोटी नाही. आम्हीही वर्गात उभे राहून ती अनुभवली आहे. परंतु तिच्यावरचा उपाय पुस्तक काढून घेणे हा नव्हे. अध्यापकाने ते पुस्तक विद्यार्थ्याच्या आधी, पूर्ण वाचावे, आणि प्रश्न आला की मान खाली न घालता उत्तर द्यावे. साहित्याच्या शिक्षकाचे काम यापेक्षा फारसे वेगळे आहे, असे आम्हांला वाटत नाही.