कबरस्तानात धावणारे आजोबा



गुडघ्यांच्या दुखण्यावर लिहा, असा काहींचा आग्रह आहे. लिहीन. पण आज त्याच गुडघ्यांकडून एका माणसाने सत्तरीनंतर काय काम करून घेतलं ते सांगते. शक्य असेल तर नातवंडांना जवळ बसवून वाचा, म्हणजे त्यांचं मराठीही होईल आणि तुमचा चहाही.

टोरोंटोच्या पश्चिमेला मिल्टन नावाचं गाव आहे. तिथे एड व्हिटलॉक राहत असत. जन्म 1931चा, इंग्लंडमधला. खाणींचे इंजिनियर म्हणून कॅनडाला आले, म्हणजे आपल्यासारखेच बाहेरून आलेले. तरुणपणी धावत, ते इथे आल्यावर सुटलं आणि चाळिशीत पुन्हा सुरू झालं. मॅरेथॉन म्हणाल, तर धाकट्या मुलाने हट्ट धरला म्हणून बाप सोबतीला गेला, तिथून लागलेला नाद.

मॅरेथॉन म्हणजे 42 किलोमीटर आणि वर 195 मीटर. मुंबईकरांना सांगायचं तर चर्चगेटला निघायचं, बोरिवली मागे टाकायची आणि भाईंदरच्या आसपास थांबायचं, तेही लोकल न पकडता!

व्हिटलॉक यांनी मनाशी एक गोष्ट धरली. सत्तरी उलटलेल्या कुणीही तोवर मॅरेथॉन तीन तासांच्या आत पुरी केलेली नव्हती. ती आपण करायची. सत्तराव्या वर्षी प्रयत्न केला आणि अर्ध्या मिनिटाहूनही कमी वेळाने हुकले. हळहळ वाटते की नाही? मग गुडघा दुखावला, मधला काळ असाच गेला. शेवटी 2003 साली, वय 72, टोरोंटोला 2 तास 59 मिनिटे 10 सेकंद. पुढच्या वर्षी 2 तास 54 मिनिटे 48 सेकंद! वय वाढलं आणि वेळ कमी झाला. नर्सिंगमध्ये जन्म गेला माझा, पण हे वाचून मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं.

सराव कुठे करायचे? घराजवळच्या एव्हरग्रीन कबरस्तानात. आपल्यात कबरस्तानात कुणी उगाच पाय ठेवत नाही, आणि बाहेर पडताना हात धुतल्याशिवाय घरी येत नाही. त्यामुळे मला आधी कसंसंच झालं. पण त्यांचा विचार सरळ होता. तिथे मोटारींची वर्दळ नाही, वारा समोरून आला तरी वळणावर पाठीशी जातो, आणि घर जवळ. (या वयात घर जवळ असण्याचं महत्त्व मी सांगायला नको.) एक फेरा सुमारे अर्ध्या किलोमीटरचा. बालमित्रांनो, मॅरेथॉनएवढं अंतर व्हायला किती फेरे लागतील, सांगा पाहू? आजोबा मात्र फेरे मोजत नसत. घड्याळ बघायचं, आणि तीन तास झाले की घरी. प्रशिक्षक नाही, खास खाणं नाही, बूट वर्षानुवर्षांचे जुने. आणि एवढं करून सरावाचा त्यांना कंटाळाच यायचा, हे ते स्वतः कबूल करत! मला हे फार आवडलं. कंटाळा आला तरी करायचं, ही गोष्ट रात्रपाळी केलेल्या माणसाला बरोबर कळते.

मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठातल्या संशोधकांनी त्यांना तपासलं. मज्जारज्जूतून स्नायूंकडे जाणारे मज्जातंतू वयाबरोबर एकेक करून गळत जातात, म्हणून म्हातारपणी पाय बारीक होतात, उठताना हात टेकावे लागतात. यांचे बरेचसे शाबूत निघाले. आता हे धावण्यामुळे की उपजत देणगी, ते एका माणसावरून ठरवता येत नाही. तेव्हा उद्या उठून कुणी धावू नका! चालायला लागा, डॉक्टरांना विचारून.

16 ऑक्टोबर 2011 रोजी टोरोंटोच्या शर्यतीत गंमत झाली. रविवार होता, शब्बाथची अडचण नाही. व्हिटलॉक 80 वर्षांचे, 3 तास 15 मिनिटांत आले. त्याच रस्त्यावर मागून येत होते आपल्या पंजाबातले फौजा सिंग, वय 100! त्यांना आठ तासांहून थोडा जास्त वेळ लागला, पण आले. पहिली मॅरेथॉन त्यांनी 2000 साली लंडनला केली, 89व्या वर्षी. जन्माचा दाखला नाही म्हणून गिनीज बुकवाल्यांनी विक्रम मानला नाही. अहो, दाखला आणणार कुठून? आपल्या अलिबाग-पेणच्या वाडवडिलांचे तरी कुठे होते? शाळेत घालताना मास्तरांनी 1 जून लिहिला, तोच वाढदिवस. जुलै 2025 मध्ये जालंधरजवळ आपल्याच गावाजवळ रस्ता ओलांडताना मोटारीने धडक दिली आणि फौजा सिंग गेले. एवढा धावलेला माणूस, आणि असं व्हावं!

मुलं म्हणतील, टेरी फॉक्स राहिला. त्याला कसं विसरू? कॅन्सरमुळे 1977 साली उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. 1980च्या एप्रिलमध्ये सेंट जॉन्सहून निघाला, कृत्रिम पायावर रोज जवळजवळ एक मॅरेथॉन, 143 दिवसांत 5,373 किलोमीटर. थंडर बेजवळ थांबला, कारण कॅन्सर फुप्फुसात पोचला होता. कापलेल्या पायाचं ड्रेसिंग मी खूप केलंय. त्या जागेवर पट्ट्याचा नुसता घासा बसला तरी माणूस कळवळतो. हा त्यावर दिवसभर धावत होता. 1981च्या जूनमध्ये गेला, तेव्हा तेविसावं वर्षसुद्धा पुरं झालं नव्हतं.

व्हिटलॉक ऑक्टोबर 2016 मध्ये, 85व्या वर्षी, 3 तास 56 मिनिटे 34 सेकंदांत शेवटची मॅरेथॉन धावले. त्या वयात चार तासांच्या आत येणारे ते पहिलेच. पुढच्या मार्चमध्ये प्रोस्टेटच्या कॅन्सरने गेले. आपल्यातले आजोबा रात्री चार वेळा उठतात आणि बायकोलाही सांगत नाहीत, लाज वाटते म्हणे. आज्यांनो, तुम्हीच अपॉइंटमेंट घ्या त्यांची.

गुडघे पुढच्या अंकात.