मृगाआधी शाकारणी करा!

सुदुंबरेकरांनो, मातीचं घर पाडायला जेसीबी बोलावण्याआधी एकदा त्याच्या छपराकडे बघा. बहुतेक वेळा दुखणं तिथेच असतं. मावळच्या पावसात एक कौल सरकलं की पाणी भिंतीच्या माथ्यातून उतरतं, भेंडे विरघळतात, वाशांची टोकं कुजतात आणि चार पावसाळ्यांत चांगलं घर मोडकळीला येतं. उन्हाळ्यातली शाकारणी चुकली, एवढंच झालेलं असतं. मग कुणीतरी सिमेंटचा गिलावा सुचवतं. तो तर घातच! ओल बाहेर पडायची वाट बंद होते आणि भिंत आतल्या आत खचते. तिला भुसा आणि शेण घालून मुरवलेल्या मातीचाच लेप हवा.

मातीचं घर म्हणजे गरिबी, हे आपण फार लवकर मान्य केलं. सरकारी कागदही मातीच्या भिंतीला ‘कच्चं घर’च म्हणतो. तिकडे मालीतल्या जेन्ने गावची मातीची भव्य मशीद सगळा गाव मिळून दरवर्षी लिंपतो. बुर्किना फासोतल्या गांदो खेड्याचे दिएबेदो फ्रान्सिस केरे यांनी गावकऱ्यांना हाताशी धरून मातीच्या विटांची शाळा बांधली, ती २००१ मध्ये पुरी झाली. २०२२ मध्ये त्यांना वास्तुकलेचं प्रित्झकर पारितोषिक मिळालं. त्यांनी मातीत थोडं सिमेंट मिसळलं, वारा खेळावा म्हणून छप्पर उचलून घेतलं. जुनं जसंच्या तसं ठेवा, असं माझंही म्हणणं नाही.

किल्लारी तर विसरूच नका. १९९३ च्या भूकंपात चिखलात रचलेल्या जाड दगडी भिंती आणि जड माळवदं माणसांवर कोसळली. दगडी भिंत असेल तर जाणकाराला दाखवा, आरपार दगड घालून ती बांधून घ्या.

१ मेच्या ग्रामसभेत हा विषय मांडा. अजून उभ्या असलेल्या घरांची यादी करा. पाडलेल्या घराची सागवानी तुळई बाहेर विकण्याआधी गावातल्या दुरुस्तीला द्या. धुमुस आणि चोपणं हाताळलेले गवंडी, सुतार, जमीन करणाऱ्या आज्या अजून आहेत तोवर त्यांच्याकडून सगळं लिहून घ्या. तुकोबांचे अभंग लिहून ठेवणाऱ्या संताजी महाराजांच्या गावाला हे सांगावं लागू नये. आणि पोरांनो, शिडी तुम्ही लावा. पहिलं घर मृगाच्या आत शाकारून झालं पाहिजे.